एसीच्या पाण्यावरचा विलो

जुफैर, १८ मे २०२५

स्पृहा,

पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे. आज ती मोडते आहे, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझं पत्र कमालनं आणून दिलं. विवेकच्या ऑफिसच्या पत्त्यावर, कमालच्या नावानं कुरियर करायची हुशारी छान होती. घरी आलं असतं तर मी न उघडता परत धाडलं असतं, एवढं तू मला ओळखतेस. बिचारा कमाल! विवेकच्या हाताखाली क्लार्क म्हणून लागला तेव्हापासून या घरात त्याचं येणंजाणं. रत्नागिरीहून आंबे आले की पहिली पेटी आमच्याकडे. त्या दिवशी मात्र दारातूनच पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, “भाभी, आता काय ता तुमीच बघा.” चहासुद्धा घेतला नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. सगळ्या बहरीनला ठाऊक होतं, मी सोडून.

तू विचारतेस, ‘सर कसे आहेत? मार्चपासून काहीच कळलं नाही.’ सर! अजून सर? बरं, सरांचं सांगते.

मार्चमध्ये नाश्ता करताना त्याच्या हातातला चमचा पडला, तो उचलायला हात गेलाच नाही. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. डावा हात थोडा हलतो. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्हींसाठी मान एकाच तऱ्हेनं हलवतो, त्यामुळे त्याला काही विचारण्यात अर्थ नाही. विचारता येतं, उत्तर मिळत नाही. लग्नात यापेक्षा वेगळं काय होतं म्हणा.

हॉस्पिटलात इन्शुरन्सचं कार्ड मागितलं. ते त्याच्या फोनमध्ये. फोन अंगठ्यानं उघडणारा. मी त्याचा उजवा अंगठा उचलला आणि फोनवर टेकवला. त्या अंगठ्याला काही कळत नव्हतं, पण फोन उघडला. कार्ड सापडलं आणि त्यानंतर तू सापडलीस.

चार वर्षं, रोज सकाळी एक फोटो. आमच्या बाल्कनीतल्या कुठल्यातरी झाडाचा. शब्द एक नाही. तुझं उत्तरही तसंच, पुण्याच्या कुठल्यातरी कुंपणावरचं फूल नाहीतर पान. एखादा लाल बदाम पाठवला असता, एखादं ‘लव्ह यू’ लिहिलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते आणि सोडून दिलं असतं. वयात येणाऱ्या पोरांसारखं चालू आहे असं म्हटलं असतं. पण तुम्ही दोघं पडलात सुसंस्कृत. पानाफुलांचं प्रेम! मी तो फोन हातात धरून वॉर्डाबाहेर बसले होते आणि नर्स मला म्हणाली, “सो नाइस गार्डन, मॅडम.”

तुझं मागणं वाचलं. ‘चारूताई, एकदाच येऊन बघू द्या. पाच मिनिटं दाराशी उभी राहीन. ते असेपर्यंत एकदा.’ ‘ते असेपर्यंत’ हे बरं लिहिलंस. व्हिसा तू काढशील, विमान तू पकडशील, पण दार माझं आहे. मी विचार करीन.

दोन्ही फोनवर तू ब्लॉक आहेस. जे लिहायचं ते कागदावर, कमालच्या पत्त्यावर.

चारुलता


जुफैर, ११ जून २०२५

स्पृहा,

लगेच उत्तर पाठवलंस. घाई आहे तर.

‘झाडं कशी आहेत?’ असं शेवटी विचारलंस, तेही वेगळ्या ओळीत, सहज आठवल्यासारखं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय काही गेली नाही तुझी.

झाडांचं सांगते. आधी एक सांग, ती जगत कशावर होती हे त्यानं तुला कधी कळवलं होतं का? तू इथे होतीस शाळेत शिकवायला, पण शाळेच्या फ्लॅटमध्ये राहिलीस, कुंडी कधी ठेवली नाहीस. इथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं. ‘थंड’ लिहिलेल्या नळाखाली दुपारी हात धरवत नाही. आपण सगळे गीझर बंद करून ठेवतो आणि त्यातलं निवलेलं पाणी अंघोळीला घेतो. मग झाडांना कुठलं घालायचं? तर एसीचं. तिन्ही एसींच्या नळ्यांखाली मी बादल्या लावल्या होत्या. थेंब थेंब साठतं, थंड असतं, त्यात खार नसतो. भरलेल्या बादल्या उचलून बाल्कनीत नेणं, कुंड्यांवर ओल्या गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळणं, मेपासून सप्टेंबरपर्यंत हे काम माझं. तो ऑफिसात. संध्याकाळी यायचा, पानांवरून हात फिरवायचा, म्हणायचा, “बघ चारू, कशी टवटवीत आहेत.” आणि सकाळी फोटो काढायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, ते माझ्यावरूनच आलं असावं. यात कुत्रं कोण ते तू ठरव.

केळीची गोष्ट तुला सांगायलाच हवी. चिनी कवितेत रात्रीचा पाऊस केळीच्या पानावर पडतो आणि आत कोणीतरी एकटं जागं असतं, हे मला मराठी मंडळातल्या त्याच्याच भाषणातून कळलेलं. इथे पाऊस कुठला? वर्षाला चार शिंतोडे आणि रस्त्यांवर तळी. मग हा काय करायचा, माझ्या बादलीतलं पाणी झारीत घ्यायचा, स्टुलावर चढायचा आणि केळीवर उंचावरून धार धरायचा. मी हसायचे. “पाऊस पाडतोस का रे?” तोही हसायचा. ते रेकॉर्डिंग तो तुला पाठवायचा, हे एप्रिलमध्ये कळलं. मी ती सगळी ऐकली. एकात शेवटी माझा आवाज आहे, “विवेक, बादली रिकामी झाली की परत नळीखाली लाव.” तू तेवढं गाळून ऐकत असशील.

तर केळ गेली. मी मारली नाही, हं. मी तिला रोज पाणी घातलं. फक्त दुपारचं घातलं, आणि नळाचं. थंड पाण्याच्या नळाचं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. मग पानं कडेनं तपकिरी झाली, मग देठातून मोडून खाली लोंबली. विवेकची चाकाची खुर्ची मी बाल्कनीच्या काचेसमोरच लावते, उजेड बरा असतो म्हणून. त्याच्या देखतच घालते. पाण्याची वाफ कुंडीतून वर येते ती त्याला आतून दिसते.

तळमजल्यावरची इशरत, कमालची बायको, परवा डबा घेऊन वर आली. नळाखालची बादली तिनं बघितली. बोट बुडवलं आणि झटकलं. “चारूभाभी, ह्या पान्यात चाय होईल! झाडां कशी जगतील?” मी म्हटलं, “जगायची त्यांनी, इशरत. मी जगलेच ना.” तिनं डबा ओट्यावर ठेवला. मग खाली जाताना दारात थांबून म्हणाली, “त्या झाडान तुमचा काय केलान?”

तिला काय सांगू, की केळ तुझी होती म्हणून?

तू यावंस की नाही, अजून ठरलं नाही. तूर्त कमळाची पाळी आहे.

चारुलता


जुफैर, २ जुलै २०२५

स्पृहा,

‘झाडांवर राग काढू नका, माझ्यावर काढा,’ असं लिहिलंस. अगं, तुझ्यावरच काढते आहे. तू हाताशी नाहीस म्हणून पत्र लिहावं लागतं.

कमळ गेलं. टबातलं पाणी रोज बदलायचं असतं, ते मी बदलत होते, दुपारी. गड्डे वर आले तेव्हा एक मोडून पाहिला. खरंच तंतू निघतात. आठवतं का, तो जेवताना कमळकाकडीचा तुकडा मोडून धरायचा, मधले बारीक धागे दाखवायचा आणि म्हणायचा, तुटली तरी तंतू तुटत नाही, चिनी लोक विरहाला हे म्हणतात? तू आमच्याकडे जेवायला होतीस तेव्हाही म्हणाला होता. तुझ्याकडे बघून. मी भाजीत मीठ कमी पडलं का हे विचारत होते.

आणि ते कोजागिरीचं भाषण! ‘चिनी कवितेतली झाडं.’ मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या, मी मागे पँट्रीत दूध आटवत उभी. तो एकेक झाड सांगत होता आणि तू पुढे बसून त्यानं केलेले अनुवाद वाचत होतीस, त्या हिरव्या साडीत. विलोचं सांगितलं: कोणी गावाला निघालं की मागे राहणारा माणूस वेशीपर्यंत जातो आणि विलोची फांदी मोडून जाणाऱ्याच्या हातात देतो. गुंजांसारख्या लाल बियांचं सांगितलं, की त्या आठवण म्हणून गोळा करतात. त्याच्यासाठी इशरतनं तिच्या गावच्या गडग्यावरच्या गुंजा आणल्या होत्या, “भाऊ, पोरांपासून दूर ठेवा, जहर हाय” असं बजावून. आठवण आणि जहर, दोन्ही एकाच बीमध्ये. त्यातल्या मूठभर तुझ्याकडे गेल्या, हे फोटोत दिसलं. विषारी आहेत हे त्यानं तुला सांगितलं होतं का? की तेवढं मलाच सांगितलं?

मग अमरवेल. ती मला पाठ आहे. “चिनी कवी नव्या नवरीला अमरवेलीची उपमा देतात,” तो म्हणाला. “नवऱ्याला घट्ट धरून वर चढणारी, त्याच्यावाचून उभी न राहणारी. आपल्याकडे मात्र या वेलीला कोणी चांगलं म्हणत नाही. दुसऱ्याच्या रसावर जगते म्हणून.” जरा थांबला आणि पँट्रीकडे बघून म्हणाला, “आमच्या घरची फक्त ओट्यावर चढते.” सगळा हॉल हसला. तूही हसलीस, स्पृहा. हातातल्या कागदानं तोंड झाकून. मी पातेल्यात डाव फिरवत राहिले, खाली लागू नये म्हणून. घरी जाताना गाडीत तो म्हणाला, “विनोद होता गं.” मी म्हटलं, “हो, छान होता.”

ते खरंच होतं म्हणून झोंबलं. मी इथे आले ती त्याच्या व्हिसावर. नाशिकची बँकेतली नोकरी सोडून. माझ्या इथल्या ओळखपत्रावर, सीपीआर कार्डावर, आजही मी त्याची बायको म्हणूनच आहे. त्याचं कार्ड आहे तोवर माझं. मयुरेश झाला, मोठा झाला, टोरांटोला गेला. मी बादल्या उचलत राहिले. अमरवेलीला जमिनीत मूळ नसतं, हे भाषणात सांगितलं त्यानं. ती शेवटी झाडाला खाते, हे सांगायचं राहिलं.

हे सगळं लिहिते आहे. दुःखानं नव्हे, रागानं. दुःख झालं असतं तर तुला कळवलं नसतं.

मयुरेशला सगळं सांगितलं. व्हिडिओ कॉलवर म्हणतो, “आई, जस्ट लेट हर कम ना. बाबांना बरं वाटेल.” मी विचारलं, “आणि मला?” तर म्हणतो, “यू आर स्ट्राँग.” मराठी सगळं समजतं त्याला, फक्त बोलायची वेळ आली की इंग्रजीत पळतो.

बाल्कनीत आता शेवंतीचे सांगाडे आहेत, बाकी काही नाही. विवेक काचेतून बघत असतो. एकदा डोळ्यांतून पाणी आलं. पक्षाघातात तसंही येतं, डॉक्टर म्हणाले, मी पुसलं.

विलो अजून आहे. तो उन्हाळ्यात हॉलमध्ये असतो, एसीच्या झोताखाली, विवेकच्या खुर्चीशेजारी. त्याला मी एसीचं पाणी घालते. का, ते विचारू नकोस. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही काश्मीरला गेलो होतो. तिथल्या ओढ्याकाठची काडी त्यानं ओल्या मोज्यात गुंडाळून बॅगेत घातली. मोजा माझा होता. ती जगली. ती तू येण्याच्या आधीची.

पुढे त्याच विलोची फांदी त्यानं तुला विमानतळावर दिली. मीही आले होते तुला सोडायला, थर्मास घेऊन. तू म्हणालीस, “कस्टमवाले पकडतील,” आणि ओढणीत लपवलीस. मला वाटलं, वेडा आहे, कविता डोक्यात शिरली आहे.

तुझ्या येण्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

चारुलता


जुफैर, २४ जुलै २०२५

स्पृहा,

ये.

ई-व्हिसा काढ, दोनतीन दिवसांत मिळतो. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पोच. आधी नको, मला घराची आवराआवर करायची आहे. आणि कोणाला सांगू नकोस. तशीही सध्या इथे सांगायला कोणी नाही. शाळांना सुट्टी, सगळा मराठी मुलूख आपापल्या गावी. मंडळाच्या ग्रुपवर आंब्याच्या फोटोंशिवाय काही नसतं. हॉलला कुलूप आहे.

तू लिहिलंस, ‘तुमचे उपकार कसे फेडू?’ फेडू नकोस.

तब्येतीचं विचारलंस. आता यापुढे बिघडायचं काही उरलेलं नाही. त्रास असा काही नाही. खाण्यापिण्याची कटकट संपली, औषधं सगळी बंद केली. मी त्याच्यावर रागावतसुद्धा नाही. घरात फार शांत असतं, एसीचा तेवढा आवाज.

बेल वाजवू नकोस. खाली हुसेन वॉचमन असेल, त्याच्याकडे किल्ली ठेवते, तुझं नाव सांगून ठेवते. थेट वर ये. हॉलमध्ये विलो आहे, शेजारी विवेकची खुर्ची. तिथेच बस. मी मध्ये येणार नाही. तुला पाच मिनिटं हवी होती ना? पाहिजे तेवढा वेळ बस.

दोन गोष्टी कर. ती कोजागिरीची हिरवी साडी नेसून ये. आणि त्याच्या गुंजा घेऊन ये, सगळ्या.

चारुलता


जुफैर, ३० ऑगस्ट २०२५, सकाळी

स्पृहा,

बसलीस का? त्या खुर्चीत नको, ती एजन्सीवाले घेऊन जाणार आहेत. स्टूल आहे तिथे. केळीवर पाऊस पाडायचा ते.

मी घरात नाही, शोधू नकोस. हे तुझ्या हाती लागेल तेव्हा मी विमानात असेन.

विवेकही नाही. तो नऊ जुलैला गेला.

पर्समधून माझं जुलैचं शेवटचं पत्र काढ आणि परत वाच. एक अक्षर खोटं सापडणार नाही. औषधं बंद केली होती, त्रास नव्हता, घर शांत होतं. तुला जे वाचायचं होतं ते तू वाचलंस. मला ती कला तुम्हीच शिकवलीत. चार वर्षं मीही बाल्कनीत नुसती झाडंच बघितली.

मयुरेश आला, इथल्या हिंदू स्मशानातच सगळं केलं. खांद्याला माणसं कमी पडली, तर कमाल पुढे झाला. कागदपत्रांसाठी एम्बसीपासून सगळीकडे तोच धावला. इशरत इथे या फरशीवर बसून रडत होती, मी तिला पाणी दिलं. अस्थी मयुरेशनं नाशिकला नेल्या. कमालला मी शपथ वगैरे घातली नाही. एवढंच म्हटलं, स्पृहाला मी स्वतः कळवीन. बघ, कळवते आहे.

त्याचं कार्ड रद्द झालं, त्याबरोबर माझं. मुदत दिली होती ती संपत आली. वेल मोकळी झाली म्हणायची.

पण हे सांगायला तुला एवढ्या लांब, त्या साडीत, बोलावलं असं समजू नकोस. तेवढं तर कागदावरही झालं असतं. मला एक विचारायचं आहे आणि ते विचारण्याजोगं जगात दुसरं कोणी नाही. तसं लिहायची मला लाज वाटते, पण वाटू दे.

नऊ तारखेला सकाळी घरात दही नव्हतं. त्याला दहीभात लागायचा. मी पायांत चपला घातल्या, पर्स घेतली, त्याला म्हटलं, “खाली कोल्ड स्टोअरमधून दही घेऊन येते.” तर त्याचा डावा हात विलोकडे गेला. आधी वाटलं तोल जातोय, म्हणून धावले. तो फांदी धरत होता. बोटांत जोर नव्हता, फांदी वाकायची, सुटायची. परत धरायचा. मी बघत राहिले, मदत केली नाही. शेवटी मोडली. आणि त्यानं ती माझ्यापुढे धरली.

मला वाटलं, तुझ्यासाठी. पोस्टमन समजतो मला. मारलेली सगळी झाडं बघूनही याला तुझीच आठवण, आणि ती पोचवायची मी! मी विचारलं, “स्पृहाला पाठवू?” त्यानं मान हलवली. ती मान कशी हलते ते तुला पहिल्याच पत्रात लिहिलं आहे. मी फांदी घेतली, त्याच्या समोरून स्वयंपाकघरात गेले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. झाकण आपटलं, ऐकू जावं म्हणून. मग दही आणायला गेले.

परत आले तेव्हा तो खुर्चीत एका बाजूला कलला होता. हात विलोच्या कुंडीवर. अंग गरम होतं. मी दही फ्रीजमध्ये ठेवलं आणि मग अॅम्ब्युलन्सला फोन केला. दही आधी का ठेवलं, मला कळत नाही.

त्या दिवसापासून एकच डोक्यात आहे. नियम त्याचाच: मागे राहणारा जाणाऱ्याला देतो. दारात चपला घालून उभी होते मी. जाणारी मी होते, कोल्ड स्टोअरपर्यंत का होईना. मग ती माझी होती का? की त्याला कळलं होतं आपण जाणार, आणि उलटंच करून ठेवलं? की पहिल्यांदा वाटलं तेच खरं, ती तुझीच? त्याच्या मनातली ही भाषा तू वाचायचीस. मी फक्त पाणी घालायचे. तूच सांगू शकशील.

पण सांगू नकोस. माझा पत्ता तुला मिळणार नाही, कमालकडेही दिलेला नाही. फांदी तुझी होती असं म्हणालीस तर त्यात नवीन काही नाही. माझी होती म्हणालीस तर मी काय करू? ती डब्यात टाकली मी, त्याच्या देखत. म्हणून तुला हे दिलं. आता हा प्रश्न तुझ्या घरी राहू दे, पुण्याला. तूही रोज सकाळी उठून काढ आणि बघ.

गुंजा खुर्चीवर ठेव.

विलो तुझ्या समोरच आहे. नवीन पालवी आली आहे, काल बादलीभर पाणी घातलं. कुंडी विमानात नेऊ देणार नाहीत. फांदी नेता येईल, ओढणीत लपवून. तुला सवय आहे. पण ती आपली आपण मोडून घ्यायची नसते. मागे राहणाऱ्यानं हातात द्यायची असते, आणि या घरात मागे कोणी राहिलेलं नाही.

घर उद्या परत करायचं आहे. वॉचमन वर येणार नाही, त्याला सांगितलं आहे की मॅडम सगळं बंद करून किल्ली खाली आणून देतील. बाहेर ऊन किती आहे ते येताना बघितलंच असशील. मी एसी बंद करायला दोनदा रिमोट हातात घेतला आणि ठेवून दिला. तो विलोच्या कुंडीत खोचला आहे.

जाताना एसी तेवढा बंद कर.

चारुलता